अजिंठ्याच्या पायथ्याशी हॉटेल गृहव्यवस्थापनाचे शिक्षण : सोयगाव परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक विचार

बीजशब्द : हाउसकीपिंग, निवासव्यवस्था, पर्यटन, श्रमप्रतिष्ठा, व्यावसायिक शिक्षण, सोयगाव, फर्दापूर.

प्रस्तावना :

जगाच्या नकाशावर अजिंठा या नावाने ओळखली जाणारी लेणी महसुली दप्तरात सोयगाव तालुक्यातील लेणापूर या गावाच्या शिवारात मोडतात. ज्या गावाचे नाव लेण्यांना मिळाले ते अजिंठा घाटावर, सिल्लोड तालुक्यात आहे. आणि पर्यटक जेथे उतरतो ते फर्दापूर घाटाखाली, पुन्हा सोयगाव तालुक्यात येते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला. फर्दापूरच्या तिठ्यावर पर्यटकांची वाहने थांबतात व तेथून बसने लेण्यांकडे जावे लागते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ ची. या महामंडळाचे पर्यटक निवास फर्दापुरास आहे. त्याच्या आसपास खाजगी निवासगृहे व भोजनगृहेही उभी राहिली आहेत.

याच तालुक्यातील कापूस-मक्याच्या शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली बारावीनंतर बी. ए., बी. एस्सी. करतात, पोलीस भरतीची तयारी करतात, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात. घराजवळच जागतिक दर्जाचे पर्यटनस्थळ असूनही पर्यटकाच्या मुक्कामाची व्यवस्था हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव मात्र अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात हॉटेलमधील गृहव्यवस्थापन, म्हणजे व्यवसायाच्या भाषेतील हाउसकीपिंग, हा विषय नेमका काय आहे, त्यात शिकण्यासारखे काय आहे आणि सोयगावसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यास त्याकडे जाताना कोणत्या अडचणी येतात, याचा विचार केला आहे.

शब्दाची अडचण :

पहिली अडचण भाषेतच आहे. ग्रामीण मराठीत 'हॉटेल' म्हणजे चहा, भजी, मिसळ मिळण्याचे ठिकाण. जेथे मुक्काम करता येतो ते 'लॉज'. आणि लॉज या शब्दाला खेड्यात जो वास चिकटला आहे तो फारसा सुखावह नाही. त्यामुळे मुलाने 'हॉटेल मॅनेजमेंट' शिकतो असे म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर आचारी किंवा वाढपी उभा राहतो. मुलीने म्हटले तर घरात प्रथम शांतताच पसरते. मूळ इंग्रजी कल्पनेत हॉटेल म्हणजे प्रामुख्याने निवासाची जागा. भोजन हा तिचा एक भाग. मराठी वापरात नेमका निवासाचा भागच गळून पडला आणि त्याबरोबर निवास सांभाळणारा विभागही नजरेआड झाला.

वास्तविक हॉटेल व्यवसायाच्या शिक्षणात चार मुख्य विभाग मानले जातात : अन्ननिर्मिती, अन्न व पेय सेवा, स्वागतकक्ष आणि हाउसकीपिंग. राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेच्या अभ्यासक्रमात चौथ्या विभागास 'अकोमोडेशन ऑपरेशन्स' असे म्हणतात. 'निवासव्यवस्था' हा त्याचा मराठी पर्याय अधिक अर्थवाही ठरेल, कारण केर काढणे एवढाच या विषयाचा आशय नाही. खोल्या, मार्गिका, जिने, सभागृहे, बाग, कपड्यांचा साठा, धुलाई, कर्मचाऱ्यांचे गणवेश, कीडनियंत्रण, फुलांची सजावट, सापडलेल्या वस्तूंची नोंद या सर्वांची जबाबदारी याच विभागाकडे असते. आर्थिक दृष्टीनेही हा विभाग दुय्यम नाही. हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येते. पण आजची रात्र पुन्हा विकता येत नाही. दुपारी दोन वाजता पाहुणा दारात उभा असताना खोली तयार नसेल, तर स्वागतकक्षातील गोड बोलणे फार वेळ उपयोगी पडत नाही.

विहारातील निवासव्यवस्था :

हा विषय पाश्चात्त्य आहे, आपल्या मातीतला नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्याने लेणापूरच्या डोंगरातील बारावे लेणे पाहावे. इसवी सनापूर्वीच्या काळातील हा विहार आहे. मधल्या दालनाच्या तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या असून त्यांत दगडातच कोरलेले ओटे आहेत; उशीच्या जागी दगड किंचित उंच ठेवलेला आहे. एका अर्थाने ही दोन शय्यांची खोलीच होय. पावसाळ्याच्या वर्षावासासाठी व येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्षूंसाठी अशा जागा लागत आणि त्या सांभाळण्याचे नियमही होते.

विनयपिटकातील चुल्लवग्गात शयनासनांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. बाहेरून आलेल्या भिक्षूने काय करावे, तेथे राहणाऱ्याने त्याचे स्वागत कसे करावे, अंथरूण-पांघरूण उन्हात कसे घालावे, जागा कशी झाडावी, जाताना वस्तू कशा आवरून ठेवाव्यात, याचे तपशील त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका प्रकरणात येतात. निवासस्थानांचे वाटप करणारा स्वतंत्र भिक्षू संघाकडून नेमला जाई. त्याला 'सेनासनपञ्ञापक' म्हणत. दब्ब मल्लपुत्त हे या कामासाठी प्रसिद्ध झालेले नाव आहे. सुत्तांचे पठण करणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र असे तो जागांचे वाटप करीत असे, म्हणजे एकाच्या दिनक्रमाचा दुसऱ्यास उपद्रव होत नसे. आजच्या भाषेत बोलायचे तर पाहुण्याचा स्वभाव व गरज पाहून खोली देणे हे त्याचे काम होते. हे काम संघात हलके मानले गेले नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

एका खोलीचे काम :

विद्यार्थ्याला हा विषय खऱ्या अर्थाने कळतो तो सरावाच्या खोलीत. पाहुणा निघून गेलेली एक खोली तयार करणे हे या शिक्षणातील पहिले एकक होय. दारावर टकटक करून 'हाउसकीपिंग' असे स्पष्ट सांगणे, थोडे थांबणे, पुन्हा टकटक करणे आणि मगच दार उघडणे, येथून त्याची सुरुवात होते. ट्रॉली दारासमोर उभी करायची व खोलीत असेपर्यंत दार उघडेच ठेवायचे. पडदे सारून खिडकी उघडल्यावर दिवे, पंखा, वातानुकूलन, नळ यांपैकी काय बिघडले आहे ते प्रथम पाहून लिहून ठेवायचे असते. मग कचरा व वापरलेले कपडे बाहेर काढायचे. चादर ओढताना ती झटकून पाहावी लागते, कारण चष्मा, कानातले, औषधाची पट्टी आणि अलीकडे चार्जरची वायर यांचे विसरण्याचे ठिकाण बहुधा तेच असते.

यानंतरच्या क्रमाला कारणे आहेत, आणि ती कारणे शिकणे म्हणजेच हा विषय शिकणे. पलंग आधी घालावा व धूळ नंतर पुसावी, कारण चादरी हलविताना धागे व धूळ उडून सर्वत्र बसते. धूळ वरून खाली पुसावी. उलट केल्यास पुसलेल्या टेबलावर पुन्हा धूळ पडते. दारापासून सुरुवात करून एकाच दिशेने खोलीभर फिरावे म्हणजे कोणतीही वस्तू सुटत नाही. फरशी सर्वांत शेवटी, दूरच्या कोपऱ्यापासून दाराकडे पुसत यावे. शौचकूपाचे फडके कपबशीच्या फडक्यात मिसळू नये म्हणून रंगानुसार फडकी वेगळी ठेवतात. पलंगावरच्या चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशांच्या घडीत दुमडून गादीखाली घट्ट खोचतात. त्याला व्यवसायात 'मायटर' म्हणतात. पहिल्या आठवड्यात हा कोपरा कोणालाच जमत नाही. ज्या मुलांनी घरी कधी अंथरुणाची घडी घातलेली नाही त्यांना तो विशेष उशिरा जमतो, आणि येथे मुलगे व मुली यांच्यातील घरगुती वळणाचा फरक शिक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

काम संपल्यावर खोलीची स्थिती कळवायची असते. रिकामी व तयार, रिकामी पण अस्वच्छ, पाहुणा असलेली, दुरुस्तीसाठी बंद, 'त्रास देऊ नये' अशी पाटी लावलेली, पाहुण्याचे सामान आहे पण तो रात्री झोपलाच नाही अशी. प्रत्येक स्थितीला ठरलेले सांकेतिक अक्षर आहे. स्वागतकक्षाची नोंद व प्रत्यक्ष तपासणी यांत तफावत आढळली तर तिचा वेगळा अहवाल होतो. हिशेबाची चूक, न सांगता निघून गेलेला पाहुणा किंवा नोंद न करता दिलेली खोली या गोष्टी या साध्या कागदावरच उघड होतात.

पाणी, दगड आणि रसायन :

स्वच्छतेमागे शास्त्र आहे असे सांगितल्यावर विद्यार्थी हसतात. प्रात्यक्षिकानंतर हसत नाहीत. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ च्या सुमारास असे मांडले की कोणतीही स्वच्छता चार घटकांवर अवलंबून असते : रसायन, यांत्रिक क्रिया म्हणजे घासणे, तापमान आणि वेळ. यांपैकी एक कमी केला तर उरलेल्यांपैकी कोणता तरी वाढवावा लागतो. थंड पाण्यात चादरी धुवायच्या असतील तर त्या जास्त वेळ भिजत ठेवाव्या लागतील किंवा साबणचुरा वाढवावा लागेल. स्वच्छतेचा द्राव फवारून लगेच पुसणारा कर्मचारी वेळ हा घटकच काढून टाकतो आणि मग जोराने घासत बसतो. त्याला दटावण्यापेक्षा दोन मिनिटे थांबावयास शिकविणे अधिक उपयोगाचे आहे.

सोयगाव परिसराचा भूस्तर बेसाल्टचा आहे. विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतील तर पाणी जड होते. अशा पाण्यात साबणाला फेस कमी येतो, पांढऱ्या चादरी काही धुण्यांतच करड्या दिसू लागतात आणि नळ, आरसे, काचा यांवर पांढरा थर बसतो. हा थर आम्लाने निघतो, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून बाजारातून ॲसिडची बाटली आणली जाते. पण आम्लाला क्षाराचा थर आणि चुनखडीचा दगड यांतील फरक कळत नाही. संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेटच आहे आणि आपल्याकडे जागोजागी घातलेली शहाबादी फरशीसुद्धा चुनखडकच होय. आम्ल पडताच ती फसफसते, तिची झिलई जाते आणि खडबडीत झालेल्या पृष्ठात मळ अधिकच रुततो. मग तो काढण्यासाठी पुन्हा आम्ल वापरले जाते.

याहून गंभीर धोका मिश्रणाचा आहे. ॲसिड व ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद स्नानगृहात तो फुफ्फुसांस इजा करतो व प्राणावरही बेतू शकतो. मोठ्या हॉटेलांत स्वच्छतेच्या रसायनांना आर-१, आर-२ असे क्रमांक असतात; आर-१ स्नानगृहासाठी, आर-३ काचेसाठी, आर-६ शौचकूपासाठी अशी त्यांची वाटणी असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही अंक व रंग ओळखता यावेत, हा त्यामागील फार मोठा फायदा आहे. लहान निवासगृहांत मात्र पाण्याच्या जुन्या बाटलीत, नाव न लिहिता, द्राव भरून ठेवलेला सर्रास दिसतो. या विषयाच्या पदवीधराने पहिल्या दिवशी करण्यासारखे काही असेल तर ते या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे होय.

चुकीच्या द्रव्याने काय होते याचा सर्वांत मोठा धडा लेण्यांतच आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या जतनासाठी लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलाविले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला आणि चित्रांवर लाखेचे रोगण दिले. गिलावा वाचविण्याचे त्यांचे काम मोलाचे होते. परंतु लाखेचा थर काळाच्या ओघात पिवळट व काळसर झाला, त्यावर धूळ-काजळी बसली आणि मूळ रंग झाकले गेले. तो थर उतरविण्याचे नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना दीर्घकाळ करावे लागले. चित्रसंवर्धन आणि खोलीची सफाई यांची तुलना थोडी धाडसाची आहे, हे खरे. तरीही पृष्ठभाग कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय त्यावर काहीही लावू नये, हा नियम दोहोंनाही लागू आहे.

मनुष्यबळाचे व कपड्यांचे गणित :

या विषयात गणित आहे आणि त्या गणितात माणसाचे शरीर आहे. खोली तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याची पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची धरली, त्यातून जेवण, चहा, सकाळची सूचनाबैठक, ट्रॉली भरणे व शेवटी आवरणे यांची १२० मिनिटे वजा केली, तर प्रत्यक्ष कामासाठी ३६० मिनिटे उरतात. पाहुणा राहत असलेल्या खोलीस २५ मिनिटे लागतात असे मानल्यास एका पाळीत १४ खोल्या होतात. पाहुणा निघून गेलेली खोली पूर्णपणे नव्याने तयार करावी लागते; तिला ४० मिनिटे धरल्यास केवळ ९ खोल्या होतात.

आता हे गणित फर्दापूरला लावून पाहावे. महानगरातील हॉटेलात कामानिमित्त आलेला पाहुणा तीन-चार दिवस राहतो. म्हणून तेथे दिवसाला चौदा खोल्या हे प्रमाण चालून जाते. अजिंठा पाहणारा पर्यटक मात्र बहुधा एकच रात्र राहतो आणि दुसऱ्या दिवशी वेरूळकडे किंवा जळगावकडे निघतो. म्हणजे येथे जवळजवळ प्रत्येक खोली निघून गेलेल्या पाहुण्याची असते. शहरातील पुस्तकी प्रमाण येथे जसेच्या तसे लावले तर चौदा खोल्यांना ५६० मिनिटे लागतील, म्हणजे हाताशी असलेल्या वेळापेक्षा २०० मिनिटे अधिक. ही मिनिटे दोन ठिकाणांहून येऊ शकतात : कर्मचाऱ्याच्या जेवणाच्या व घरी जाण्याच्या वेळेतून, किंवा चादर न बदलता नुसती ताणून घालण्यातून. पाहुण्यास दुसरी गोष्ट आवडत नाही. पहिली त्याला दिसत नाही. व्यवस्थापकाला ती दिसली पाहिजे, आणि त्यासाठीच त्याला हे गणित यावे लागते.

कपड्यांच्या साठ्याचेही असेच आहे. वीस खोल्या, प्रत्येकीत दोन पलंग, प्रत्येक पलंगास दोन चादरी धरल्यास एका वेळी ८० चादरी लागतात. याला एक 'पार' म्हणतात. एक संच पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात, एक वाटेत व एक फाटके-डागाळलेले बदलण्यासाठी, असे पाच पार म्हणजे ४०० चादरी ठेवण्याची पद्धत आहे. मालकास हा खर्च अनाठायी वाटतो आणि तो तीन पारांवर काम भागवू पाहतो. धुलाईयंत्र जागेवर असेल व ऊन असेल तर ते निभते. पण धुलाई बाहेरगावी जात असेल किंवा पावसाळ्यात चादरी वाळत नसतील, तर तिसऱ्या दिवशीच कपाट रिकामे होते. आणि डोंगर हिरवा असताना, धबधबा वाहत असताना, म्हणजे पावसाळ्यातच अजिंठ्याकडे शनिवार-रविवारची गर्दी लोटते. शुद्ध सुती चादर अंगाला सुखद असली तरी ती उशिरा वाळते व तिला इस्त्री अधिक लागते. सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाची लवकर वाळते. कापसाच्या प्रदेशात मिश्र धाग्याची चादर घालावी लागते, ही विसंगती खरी. पण ऑगस्टमधील दोरीपुढे ती मान्य करावी लागते.

आणखी एक स्थानिक बाब नियोजनात घेता येते. अजिंठा लेणी दर सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. साहजिकच रविवारी रात्री फर्दापूरला थांबण्याचे कारण उरत नाही. गाद्या उलटणे, पडदे उतरविणे, पंख्यांची पाती पुसणे, फरशीच्या फटी घासणे ही रोज न होणारी कामे सोमवारी लावली तर खोल्या बंद ठेवून बुडणारे उत्पन्न नगण्य राहते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे लिहिलेले असणार नाही. ते या तालुक्यातील विद्यार्थ्यासच सुचण्यासारखे आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न :

वरील सर्व विवेचन मान्य करूनही पालक विचारतात तो प्रश्न वेगळाच असतो : 'पदवी घेऊन संडासच धुवायचे का ?' या प्रश्नाला बगल देऊन हा विषय शिकविता येणार नाही. आपल्या समाजात सफाईचे काम जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या माणसांवर पिढ्यान् पिढ्या लादले गेले. त्यामुळे या शिक्षणाला दोन बाजूंनी विरोध होतो. ज्यांच्या घरात हे काम कधी कोणी केले नाही त्यांना त्याची शिसारी वाटते. ज्यांच्या पूर्वजांवर ते लादले गेले त्यांना, आता शिक्षण घेऊन पुन्हा तेच का, असे वाटते. पहिल्याची तक्रार अहंकाराची आहे. दुसऱ्याची न्यायाची आहे. श्रमप्रतिष्ठेचे एकच व्याख्यान दोघांनाही देणे हा शिक्षकाचा आळस ठरेल.

महाराष्ट्रात या संदर्भात गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) नाव घेतले जाते आणि बहुधा खराट्यापाशीच थांबते. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, हा त्यांच्या कार्याचा दुसरा भाग निवासव्यवस्थेच्या विद्यार्थ्याने अभ्यासण्याजोगा आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना इतरत्र आसरा मिळत नव्हता अशा वारकऱ्यांसाठी होती; १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कोणाला मुक्कामाला जागा मिळते आणि कोणाला नाकारली जाते, हा निवासव्यवस्थेतील मूळ सामाजिक प्रश्न आहे, आणि खराटा हाती घेणाऱ्या या संताने तो ओळखला होता.

पदवीधर विद्यार्थी प्रशिक्षणात शौचकूप स्वच्छ करतो, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. जे काम स्वतः केले नाही त्याला किती वेळ लागतो, पाठ कोठे दुखते, हातमोजे कधी फाटतात हे कळत नाही. आणि न कळणारा पर्यवेक्षक दुसऱ्याच्या श्रमाशी निष्ठुर वागतो. मात्र कोणते काम माणसाने मुळीच करू नये हेही त्याला ठाऊक हवे. संरक्षक साधनांविना मैला टाकीत माणूस उतरविणे हा २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास मनाई करणाऱ्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. निवासगृहाची टाकी तुंबली असता 'एखादा माणूस पाहा' असे सांगणारा मालक आणि यंत्राची गाडी बोलावणारा व्यवस्थापक यांतील अंतर हे या शिक्षणाचे फलित मानावे.

कंत्राटी पद्धतीचा उल्लेखही आवश्यक आहे. अनेक ठिकाणी सफाईचे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिले जाते. पदवीधर पर्यवेक्षक हॉटेलच्या वेतनपटावर आणि त्याच्या हाताखालील बाई कंत्राटदाराच्या वहीत, असे चित्र दिसते. आजारपणाची रजा, वेळेवर मजुरी, गणवेश, हातमोजे या साध्या बाबींचे उत्तरदायित्व दोघांच्या मध्ये कोठेतरी हरवते.

विद्यार्थिनींच्या संदर्भात :

हा विभाग स्त्रियांसाठी अनुकूल समजला जातो व अनेक हॉटेलांत त्याच्या प्रमुखपदी स्त्रिया असतात. पालकांची भीती मात्र निराधार म्हणता येत नाही, कारण हे काम परक्या माणसाच्या बंद खोलीत चालते. दार उघडे ठेवणे, ट्रॉली दारात आडवी लावणे, पाहुणा खोलीत असेल तर नंतर येते असे सांगून परतणे, रात्रपाळीत एकटीला न पाठविणे हे संकेत शिष्टाचाराचे म्हणून शिकविले जातात. ते मुळात संरक्षणाचे आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समितीची अपेक्षा करतो, आणि तेथे येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही कर्मचारी स्त्रीला सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकतो. पाहुणा हा देव असला तरी तो या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. प्रशिक्षणासाठी मुलींना पाठविण्यापूर्वी संबंधित ठिकाणी अशी समिती आहे काय, एवढी चौकशी महाविद्यालयाने लेखी करावी.

शिक्षणाच्या वाटा :

राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेची स्थापना १९८२ ची. तिच्याशी संलग्न संस्थांतील पदवी अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय पातळीवर प्रवेश परीक्षा होते. बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजी विषयासह उत्तीर्ण असणे पुरेसे असते. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यासही दार बंद नाही. या परीक्षेत अंकगणित, तर्क, सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि सेवावृत्तीची पारख यांवर प्रश्न असतात. मुंबईच्या दादर येथील संस्था १९५४ पासून कार्यरत असून ती देशातील या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने व ताज हॉटेलसमूहाच्या सहकार्याने १९८९ मध्ये हॉटेल व्यवस्थापन संस्था सुरू झाली. तिच्यामुळे मराठवाड्यातील विद्यार्थ्यास हे शिक्षण पुण्या-मुंबईस न जाताही उपलब्ध झाले. शुल्काचा प्रश्न अर्थात प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीनुसार तपासावा. पदवीची मुदत वा खर्च न परवडणाऱ्यांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' हा अल्पमुदतीचा उपक्रम सुरू केला होता व पुढे त्यात हाउसकीपिंगचाही अंतर्भाव झाला.

इंग्रजीची अडचण खरी आहे, परंतु ती सांगितली जाते तेवढी मोठी नाही. खोलीतील कामास लागणारी वाक्ये मोजकी असतात आणि ती सरावाने येतात. कठीण असते ते लेखी इंग्रजी : अहवाल, साठ्याची मागणी, तक्रारीचे उत्तर. पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजीत असल्याने विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि कारण विसरतो. वर सांगितलेले शहाबादी फरशीचे उदाहरण मराठीत एकदा समजले की आम्ल व अल्कलीचा धडा इंग्रजीतही समजतो.

सोयगावसारख्या ठिकाणी स्वतंत्र हॉटेल व्यवस्थापन महाविद्यालय उभे राहणे आज संभवनीय वाटत नाही आणि त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात कौशल्याधारित विषय व कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. विद्यमान कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात निवासव्यवस्था हा एका सत्राचा कौशल्यविषय म्हणून सुरू करण्यास फार सामग्री लागत नाही : एक खोली, दोन पलंग, चार पार चादरी, एक ट्रॉली, रंगीत फडक्यांचे संच. महाविद्यालयाचे अतिथिगृह असेल तर तेच प्रयोगशाळा होऊ शकते. पाण्याची कठीणता रसायनशास्त्र विभागाने मोजावी, साठ्याचा हिशेब वाणिज्य विभागाने शिकवावा, विहारांतील निवासाचा इतिहास इतिहास विभागाने लेण्यांतच नेऊन सांगावा. कार्यानुभवासाठी फर्दापूर जवळच आहे. तेथील निवासगृहांशी करार करताना विद्यार्थ्याने दिवसाला किती खोल्या कराव्यात, याचा आकडा करारपत्रात लिहून घ्यावा. आणि तो नऊपेक्षा अधिक नसावा.